एकट्याला पाठवायचं बटण

आत्माराम रेडीज यांच्या त्या पत्राला श्यामकांत सावेंनी उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं नव्हतं असं नाही. बोर्डीहून दहाणूला येणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून ते उत्तर किती वेळा लिहून झालं होतं, खोडून झालं होतं, नरपडच्या वळणावर पुन्हा लिहून झालं होतं. दहाणूला उतरेपर्यंत मात्र त्यातला एकही शब्द धड वाटत नसे. असं संक्रांतीपासून चाललं होतं, आणि आता होळीची लाकडं गोळा व्हायला लागली होती.

पत्र म्हणजे खरं तर ई-मेल. पण चिपळूणचे रेडीज ई-मेलच्या डोक्यावरही गावाचं नाव, तारीख आणि स.न.वि.वि. लिहीत, त्यामुळे त्याला पत्र म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता. ‘चैत्रात तुमच्याकडे महालक्ष्मीची यात्रा भरते असं तुम्ही लिहिलं होतं. उभा जन्म फुगे विकले, पण यात्रेत फुगा घेऊन धावणारं पोर निवांत उभं राहून कधी पाहिलं नाही. येऊ का? दोन दिवस तुमच्याकडे टेकेन. तुमचं बोलणं ऐकायचंय. डावा कान गेला, उजवा थोडा शाबूत आहे, तो तुमच्यासाठी राखून ठेवलाय.’

घोडं अडलं होतं ते बोलण्यापाशी.

सावेंची सगळी नोकरी बोर्डीला शाळेच्या ग्रंथालयात गेली. पुस्तकं बोलत नाहीत आणि ग्रंथालयात मुलांनी बोलायचं नसतं, त्यामुळे ती नोकरी त्यांना मानवली. निवृत्तीच्या समारंभात ते आभार मानायला उठले, ‘मंडळी’ म्हणाले, पाणी प्याले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, गहिवर आला. गहिवर वगैरे काही नव्हता. पुढचा शब्दच सापडला नव्हता. हातात लेखणी असली की मात्र हाच माणूस सुटायचा. कुठून कुठून शब्द यायचे, कोपरखळ्या यायच्या. लिहून झालं की आपणच लिहिलं का हे, अशी त्यांना शंका येई, आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नसावं’ असंच येई.

निवृत्तीनंतर, पत्नीही गेल्यावर, घरातली शांतता अंगावर यायला लागली, तेव्हा त्यांनी दहाणूच्या नविनभाईंच्या फुग्यांच्या कारखान्यात पत्रव्यवहाराचं काम धरलं. नविनभाई पिढ्यान्‌पिढ्या दहाणूचे, मराठी बोलत ती गुजरातीच्या पाकात बुडवून. ते एक वाक्य सांगत, सावे त्याचं पान करत.

रेडीजांशी ओळख झाली ती तक्रारीवरून. हत्तीच्या आकाराच्या फुग्यांची एक गोणी चिपळूणला गेली आणि त्यातल्या एकाही हत्तीची सोंड फुगेना. नविनभाईंनी सांगितलं, “लिहा मास्तर, माल तो बरोबर होता, फुंकणाऱ्याचा दम कमी.” सावेंनी लिहिलं, ‘आमचे हत्ती उपजत लाजाळू निघाले, क्षमस्व. नवे पाठवतो. तोवर हेच हत्ती गणपतीचे उंदीर म्हणून खपवता आले तर पाहावं.’ आठवड्यानं उत्तर आलं, ‘उंदीर संपले. आणखी लाजाळू हत्ती असतील तर धाडा. असं पत्र लिहिणारे गृहस्थ कोण?’

तेव्हापासून तीन वर्षं मागणीच्या निमित्तानं पत्रं जात-येत होती. वर फुग्यांचा हिशेब, खाली गप्पा. रेडीजांना एव्हाना खात्री झाली होती की सावे म्हणजे मैफल जिंकणारा, टाळीवर टाळी घेणारा गडी असणार. आणि असा माणूस येऊन बोर्डीच्या ओट्यावर बसणार, उजवा कान पुढे करणार, आणि सावे म्हणणार, ‘मंडळी.’

नाही, ते जमण्यासारखं नव्हतं.

कारखान्याच्या ऑफिसात संगणक एकच होता आणि ई-मेलचा पत्ताही एकच. तो सगळ्यांचा. त्यावर काम करण्याची त्यांची एक रीत होती, ती जगात दुसरीकडे कुठे असेलसं वाटत नाही. नविनभाईंचा चष्मा जवळचं दाखवी तर लांबचं घालवी, पडद्यावरची बारीक अक्षरं त्यांना कधीच लागली नाहीत. म्हणून हिशेब बघणाऱ्या शितलनं आपल्या पाकिटातल्या टिकल्या पडद्यावर चिकटवल्या. उत्तर द्यायचं बटण असेल तिथे लाल टिकली. पाठवायचं तिथे हिरवी. छापायचं तिथे पिवळी. काढून टाकायचं तिथे काळी, आणि काळीला कोणी हात लावायचा नाही. हळूहळू बटणांची नावंच गेली. “भंगाळेशेठना लाल कर.” “हिरवी मारलीस का?” “पिवळी करून फायलीत लाव.” नवा माणूस ऑफिसात आला तर त्याला वाटे, हे कुठल्या तरी व्रताचं बोलणं चाललंय.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, रंग धुऊन सगळे कामावर आले, तेव्हा मेलचा प्रोग्राम रात्रीतून आपोआप बदलला होता. पडद्यावर एक पट्टी आली, तिच्यावर लिहिलं होतं की आम्ही तुमचं काम सोपं केलं आहे, आता सगळं अधिक स्वच्छ आणि मोकळं दिसेल. दिसतही होतं. एकही बटण उरलं नव्हतं.

“अरे, आ शूं?” नविनभाई खुर्चीतून अर्धे उठले. “शितल, बटण कुठे गेला?”

“गेलं नाही शेठ. लपवलंय. तिथे बाण नेला तर म्हणे दिसतं.”

“कुठे नेला तर?”

“ते असेल तिथे.”

“पण तो कुठे आहे ते समजला असता तर मी शोधला कशाला असता?”

“स्वच्छ केलंय म्हणे,” शितल म्हणाली. “घरातलं सामान चोरीला गेलं तरी घर स्वच्छच दिसतं.”

सकाळभर ऑफिसचं काम म्हणजे उंदराची शिकार झाली. उंदीर हातात होता आणि बटणं बिळात. कुठे तीन टिंबं दिसत, दाबायला जावं तर विझत. एकदा ती दाबली गेली आणि एक लांबलचक यादी उघडली, पण पडदा जुना आणि आखूड, यादीचा अर्धा भाग पडद्याच्या खाली टेबलात उतरला. नवीन पत्र लिहायचं बटण तर समूळ गेलं होतं, आणि होळीआधी आलेली जुनी पत्रं कुठल्या तरी कप्प्यात जाऊन बसली होती, तो कप्पा सापडत नव्हता. मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिथल्या बाईनं आधी बराच वेळ बासरी ऐकवली, मग सांगितलं, “सर, आपला मॉनिटर मोठा घ्या.” नविनभाईंनी फोन ठेवला आणि म्हणाले, “उद्या बोलेल कारखाना मोठा घ्या.”

पण लाल टिकली होती. लाल टिकलीच्या खाली बाण नेला तर काहीतरी उघडत होतं, त्यात लिहिता येत होतं आणि शोधल्यावर पाठवताही येत होतं. नविनभाईंना तेवढं पुरे होतं. त्यांनी दोन दिवस धडाक्यात लाल केली. तळासरीच्या हायवेवर चिमणभाई म्हणून त्यांचा ट्रान्सपोर्टवाला होता, माल त्याच्या गाड्यांनी जायचा. त्याला त्यांनी आपल्या हातानं लिहिलं, ‘भुसावळवाल्याचा माल सगळ्यात शेवटी लाव, लई किटकिट करतो.’

तासाभरात भुसावळहून उत्तर आलं. ‘किटकिटवाला भंगाळे बोलतो. माल शेवटी लावू नये.’

त्यानंतर नवसारीहून आलं, मग सांगलीहून. सगळ्यांना ते पत्र मिळालं होतं. लाल टिकलीच्या खाली आता एकट्याला उत्तर द्यायचं बटण नव्हतंच. तिथे दोन तोंडांचा बाण येऊन बसला होता, आणि तो दाबला की पत्रावर ज्यांचे ज्यांचे पत्ते असतील त्या सगळ्यांना उत्तर जात होतं. नविनभाईंनी होळीआधी नव्या दरांचं पत्रक भुसावळपासून भरूचपर्यंतच्या सगळ्या व्यापाऱ्यांना आणि चिमणभाईला एकदम धाडलं होतं, सगळ्यांचे पत्ते वर उघडे. चिमणभाईनं त्याच पत्रकावर, तेही सगळ्यांना जाईल असं, काहीतरी विचारलं होतं, आणि नविनभाईंनी त्यालाच लाल केली होती.

“काढ!” नविनभाई ओरडले. “सगळ्या टिकल्या काढ!”

शितलनं नखानं एकेक टिकली काढली. पडद्यावर डिंकाचे चार ठिपके राहिले.

या सगळ्या गोंधळात एकच माणूस मनातून सुखी होता. सावेंनी तोंड पाडून ठेवलं होतं खरं, ‘काय ही पद्धत’ असं दोनदा म्हणूनही झालं होतं, पण आत कुठेतरी त्यांना हलकं वाटत होतं. एकट्याला उत्तर द्यायचं बटणच नाही, त्यांचं संक्रांतीचं पत्रही सापडत नाही, तर रेडीजांना उत्तर देणार कसं? फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही. त्या रात्री ते अंथरुणाला पाठ टेकताच झोपले.

शितलनं हे दुसऱ्या दिवशीच ओळखलं.

“काका, रेडीजकाकांना उत्तर दिलंत?”

“बटण गेलं ना.”

“बटण परवा गेलं. पत्र संक्रांतीचं आहे.”

सावेंनी चष्मा पुसायला घेतला.

“तुम्हाला ते यायला नकोत का?”

“तसं नाही गं.” त्यांनी दुसरी काच धरली. “त्यांना बोलणारा माणूस हवाय.”

“त्यांना ऐकू येत नाही आणि तुम्ही बोलत नाही. कुंडली बघायची गरज नाही, छत्तीस गुण जमतात.”

“बहिऱ्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं, शितल,” सावे कळवळून म्हणाले. “मला तर हळूसुद्धा येत नाही.”

आठवड्यानं तळासरीहून चिमणभाईचा फोन आला. “नविनभाई, सापडला! आवी जाओ!” नविनभाईंनी टेम्पोत गोण्या भरल्या, सावेंना शेजारी बसवलं, ‘तुम्ही बघून ध्यानात ठेवा मास्तर, माझ्या डोक्यात राहणार नाय,’ असं म्हणून गाडी चारोटीच्या दिशेनं काढली. हायवेला लागल्यावर विवळवेढ्याला महालक्ष्मीचं मंदिर दिसलं तसे नविनभाईंनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात सोडून जोडले. “आई, बटण परत दे.” सावेंनी डोळे मिटले. भक्तीनं नव्हे, टेम्पो चालू होता म्हणून.

डोळे उघडले तेव्हा यात्रेची जागा मागे जात होती. अजून तिथे काही नव्हतं, दोन माणसं जमिनीवर दोरी धरून दुकानांच्या जागा आखत होती. सावेंना उगाचच वाटलं, त्या दोरीशी एक बुटकासा म्हातारा उभा आहे, एक कान पुढे करून. रेडीज बुटके आहेत की उंच, हे त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. तीन वर्षं झाली, आणि हे आपण विचारलंही नाही.

चिमणभाईचं ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, एक पंखा आणि एक संगणक. चिमणभाई विजयी मुद्रेनं बसला होता. “ही तीन टिंबं. दाबली. यादी आली. यादीत एक बटण होता, तो दाबला. तेव्हापासून एकदम शांती.”

“शांती म्हणजे?”

“म्हणजे एकपण मेल आला नाय. तीन दिवस.”

नविनभाईंनी कपाळावर हात मारला. चिमणभाईनं पत्रांचं तोंडच बंद करून टाकलं होतं. येणारं सगळं कुठल्या तरी कोनाड्यात परस्पर जाऊन पडत होतं.

“अरे, माझा माल? ऑर्डरी?”

“ज्याला घाई असेल तो फोन करेल,” चिमणभाई म्हणाला. “चहा घेणार?”

परत येताना नविनभाईंनी वापीच्या दिपकला फोन लावला. दिपक संगणक दुरुस्त करायचा. तो म्हणाला, पाडवा रविवारी आहे, सोमवारी येतो, येताना मोठा पडदा आणतो. सावे मनात म्हणाले, सोमवार. सोमवारी बघू. बघू म्हणजे काय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, रेडीजांचं पत्र आलं. शितलनं ते उघडलं, वाचलं आणि खुर्चीवरून उठून सावेंना जागा करून दिली. असं ती कधी करत नसे.

‘चिपळूण. स.न.वि.वि. श्री. सावे, नविनभाईंचं किटकिटीचं पत्र मलाही आलं, त्यावरून माझ्याकडचा प्रोग्रामही तुमच्यासारखाच बिघडलेला दिसतो. एकट्याला पाठवायचं बटण सापडत नाही, नवं पत्र लिहायचंही सापडत नाही, म्हणून नविनभाईंच्या दरपत्रकावरच लिहितो. हे सर्व व्यापारी बंधूंना जाईल हे मला ठाऊक आहे, त्यांनी क्षमा करावी. पाडव्यापासून आमच्या दुकानात फुगे नाहीत. चिरंजीव मोबाईलची कव्हरं ठेवणार आहेत. हा पत्ताही उद्या बंद होईल. मी यात्रेच्या आदल्या दिवशीचं तिकीट काढून ठेवलं आहे. संक्रांतीला विचारलं होतं, उत्तर आलं नाही. या वयात कोणाच्या दारात न विचारता उभं राहवत नाही, म्हणून पुन्हा विचारतो. येऊ का? उद्या दुकान बंद करेपर्यंत वाट पाहीन. उत्तर नसेल तर तिकीट रद्द करीन आणि रागावणार नाही. आ. रेडीज.’

सावेंनी ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागले तेवढ्यात खाली उत्तरं यायला सुरुवात झाली.

नवसारीहून, ‘रेडीजशेठ, सावेसाहेबांनी नाही बोलावलं तर आमच्याकडे या. समुद्र आमच्याकडेपण आहे.’

भुसावळहून, ‘किटकिट करणाऱ्याची एक विनंती. सावेसाहेब, उत्तर द्या.’

सांगलीहून, ‘सावे कोण? माझ्या गुलाबी फुग्यांचं काय झालं?’

भरूचहून कोणीतरी लिहिलं की मला या पत्रव्यवहारातून वगळावं, आणि तेही सगळ्यांना गेलं. त्यावर सांगलीनं लिहिलं, ‘मलाही वगळावं, पण आधी सावे काय म्हणतात ते कळू द्या.’ साऱ्या फुगेबाजारात ही गोष्ट कळली नाही ती एकट्या चिमणभाईला. त्याच्याकडे शांती होती.

दुपारी पॅकिंगवरची हिरी पाण्याची कळशी ठेवायला ऑफिसात आली. ती कारखान्यात नविनभाईंच्या वडिलांच्या वेळेपासून होती आणि कुणाला काय बोलावं याची तिनं कधी फिकीर केली नव्हती.

“मास्तर, तो चिपळूणवाला येतो का नाय?”

“तुला कुणी सांगितलं?”

“शितलनं वाचून दाखवला. आम्ही सगळ्यांनी ऐकला.” हिरीनं कळशी टेकवली आणि कमरेवर हात ठेवले. “पाव्हणा इचारतो, नि तुम्ही मुके?”

“मुकाच आहे मी, हिरी.”

“मुका कसला? पॅकिंगच्या त्या पोरीला पगाराचा अर्ज लिहून दिलात, शेठ वाचून रडला.”

“मी नाय रडला,” नविनभाई आतून ओरडले. “डोळ्यात फुग्याची पावडर गेली.”

सगळे हसले. सावेही हसले, पण हात पडद्यापासून लांबच होते. त्यांना पडद्यावर भुसावळ दिसत होतं, भरूच दिसत होतं. समारंभातली ती माणसं, खुर्च्यांच्या रांगा, मधे आपण उभे. लिहून काय, बोलून काय, शेवटी मंडळी ती मंडळीच.

शितलला ते दिसलं असावं. ती जवळ येऊन हळू म्हणाली, “काका, एवढं काय. त्यांच्या दुकानाचा फोन नंबर आहे माझ्याकडे. मुलगा उचलतो. मी सांगते, सावेकाकांनी ‘या’ म्हटलंय. झालं. कुणाला कळायला नको.”

किती सोपं होतं! सावेंची मान होकारासाठी अर्धी हलली. शितलनं फोन उचललादेखील.

“थांब,” सावे म्हणाले.

ते स्वतःशीच बोलल्यासारखे थांबत थांबत बोलायला लागले. “त्या माणसानं सगळ्यांसमोर विचारलं. त्याला ठाऊक होतं, सगळ्यांना जाणार म्हणून. मी नाही म्हटलं असतं तर सगळ्यांसमोर त्याचं हसं झालं असतं. तरी विचारलं.” त्यांनी फोनकडे बोट केलं. “आणि मी काय करू? तुझ्या तोंडून, त्याच्या मुलाच्या कानात?”

शितलनं फोन खाली ठेवला. “मग सोमवारी दिपक आला की...”

“सोमवारी त्यांचा पत्ताच नसेल. आणि खरं सांगू? पत्ता असता तरी सोमवारी बटण असतं आणि मी नसतो.”

एवढी वाक्यं सावे एका दमात कधी बोलले होते हे शितलला आठवेना. नविनभाई दारात येऊन उभे राहिले होते, त्यांच्यामागे हिरी, आणि हिरीच्या मागे पॅकिंगच्या आणखी दोघीजणी.

“तुम्ही सगळे बघत असाल तर मला लिहिता येणार नाही,” सावे म्हणाले.

कोणीही हललं नाही. शेवटी नविनभाईंनीच सगळ्यांना पाठ करून उभं केलं, आणि स्वतःही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले.

सावेंनी दोन तोंडांचा बाण शोधला. तो दोनदा विझला. तिसऱ्यांदा सापडला. वरती पत्त्यांची रांग उलगडली, एकाखाली एक, पडदा भरला आणि खाली टेबलात उतरली. त्यांनी पत्त्यांकडे बघायचं सोडलं आणि लिहायला घेतलं. मराठी टाइप करताना ते एरवी एकेक अक्षर बोटानं वेचत, आज बोटं तशीच वेचत होती, पण थांबत नव्हती.

‘बोर्डी. स.न.वि.वि. प्रिय रेडीज, या.

‘संक्रांतीच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मला भीती वाटली. मी बोलत नाही. बुजरा आहे म्हणून कमी बोलतो असं नव्हे, मला बोलताच येत नाही. तुम्हाला पत्रं लिहितो तो सावे कोण, हे मलाही नीटसं ठाऊक नाही. बोर्डीच्या सावेची आणि त्याची अजून गाठ पडलेली नाही. तुम्ही आलात तर तिघं मिळून यात्रेला जाऊ. तुमच्या उजव्या कानाला फारसं काम पडणार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो.

‘दहाणू रोडला उतरा. मी फलाटावर पुलाच्या पायथ्याशी असेन. ओळखू येण्यासाठी हातात एक फुगा धरीन. हत्ती. लाजाळूपैकीच.

‘व्यापारी बंधूंनीही क्षमा करावी. सांगलीचा गुलाबी माल मंगळवारी निघेल. श्यामकांत सावे.’

“झालं?” शितलनं पाठीमागून विचारलं.

“लिहून झालं.”

“मग पाठवा!” भिंतीकडे तोंड करून नविनभाई म्हणाले.

सावेंनी ते वाचून पाहिलं नाही. वाचलं तर पहिल्याच ओळीत चूक सापडेल आणि मग दुसऱ्या, आणि मग पाडवा उलटेल, हे त्यांना स्वतःबद्दल चांगलं ठाऊक होतं. उंदीर हलवत, बाण मधे मधे हरवत, त्यांनी पाठवायचं बटण गाठलं आणि दाबलं.

पत्र पडद्यावरून गेलं. आणि खालच्या कोपऱ्यात, एवढे दिवस जिथे काहीच नव्हतं तिथे, एक काळी पट्टी आली. पट्टीवर ठळक, पांढऱ्या, लांबूनही वाचता येईल अशा अक्षरांत दोन शब्द होते, ‘परत घ्या’.

सगळी बटणं लपवणाऱ्यांनी हे एक बटण मात्र उघड्यावर ठेवलं होतं. दाबलं तर गेलेलं पत्र पुन्हा आपल्या हातात, भुसावळ नाही, भरूच नाही, काही घडलंच नाही. सावेंचा हात आपोआप तिकडे निघाला. त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांना इतकं हवंहवंसं बटण कोणी दाखवलं नव्हतं.

त्यांनी हात मागे घेतला. दुसऱ्या हातानं तो धरला. तरी खात्री वाटेना, तेव्हा दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे त्यांच्यावर बसून राहिले. पट्टी उजळ होती, तशीच होती, अजून होती. मग ती विझली.

“गेलं,” सावे म्हणाले.